शिवणीखालची जागा

माझ्या साडभाऊंनी आजवर जे जे चिकटवायला घेतले ते ते सुटले, आणि जे जे सोडवायला घेतले ते कायमचे चिकटून बसले. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे, कारण ज्या खुर्चीत बसून मी हे लिहितो आहे तिचा डावा हात त्यांनीच एका दिवाळीत चिकटवून दिलेला आहे आणि तो या क्षणी माझ्या मांडीवर आहे. उलट, याच घराच्या मागच्या दाराची कडी अडकते म्हणून त्यांनी तिला 'जरासं तेल' दिले, तेव्हापासून आम्ही परसात जायला पुढच्या दाराने बाहेर पडून घराला वळसा घालतो. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हे नाते मोठे गमतीचे आहे. मामा-भाचे, दीर-भावजय यांत दोन टोकांना दोन नावे असतात. साडभाऊ मात्र दोन्हीकडून साडभाऊच. मी त्यांना साडभाऊ म्हणतो, ते मला साडभाऊ म्हणतात, आणि आमचे फोनवरचे बोलणे ऐकणाऱ्याला कोण बोलतो आहे आणि चूक कोणाची आहे याचा पत्ता लागत नाही. घरात काही बिघडले की ही सोय फार उपयोगी पडते. "साडभाऊंनी केलं," असे आम्ही दोघेही खरेपणाने सांगू शकतो.

ते महागावच्या एका शाळेत विज्ञान शिकवत. निवृत्त होऊन यवतमाळला घर बांधून राहिले त्याला बरीच वर्षे झाली, पण प्रयोगशाळा त्यांच्यातून काही निवृत्त झाली नाही. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान या पायऱ्या चढल्याशिवाय ते घराचा जिनाही चढत नाहीत. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, एकदा चहात साखर घातली नाही. साडभाऊंनी बशीतला घोट घेतला, डोळे मिटले आणि मला म्हणाले, "निरीक्षण: चहा अगोड आहे. अनुमान: कालचं भांडण अजून मिटलं नाही." ताई स्वयंपाकघरातूनच ओरडल्या, "मिटलं नाई तं नाई! साखर बी नाई भेटणार!" म्हणजे अनुमान बरोबर होते. साडभाऊंची अनुमाने बहुधा बरोबरच असतात. घोटाळा होतो तो कृतीत.

त्यांच्या मते जग हे वस्तूंचे नव्हे, जोडांचे बनलेले आहे, आणि माणसाचे खरे काम म्हणजे त्या जोडांत योग्य तो चिकट पदार्थ भरणे. त्यासाठी घरातला एक आख्खा कप्पा त्यांनी काबीज केला आहे. सुताराचा पांढरा गोंद, सायकलवाल्याकडचे सुलेशन, चांभाराचा पिवळा गोंद, दोन गोळ्या एकत्र मळून लावायची लांबी, धावड्याचा डिंक, मैद्याची खळ. खळ नासू नये म्हणून फ्रिजमध्ये असते, आणि ती पांढऱ्या वाटीत असते, आणि तिच्या शेजारी तशाच वाटीत दही असते. एकदा उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे जेवायला गेलो असता भातावर भरपूर दही घेतले, कालवले आणि पहिला घास घेतला. नंतर बराच वेळ मी काही बोललो नाही. साडभाऊ समोरून कौतुकाने पाहत होते. "निरीक्षण," ते म्हणाले, "साडभाऊ बोलायचे थांबले." माझी बायको म्हणते, लग्नानंतर ती पहिल्यांदाच शांतपणे जेवली.

तर अशा माणसाच्या हाती त्यांच्या मुलाने तंबू दिला.

मुलगा पुण्याला नोकरी करतो. गुणी आहे. सुट्टीत डोंगर चढायचा त्याला नाद होता. मुलगी झाली आणि डोंगर सुटले, म्हणून त्याने आपला जुना तंबू यवतमाळला आणून टाकला. तंबू कसला, कांद्याची साल. घडी केली तर माझ्या जेवणाच्या डब्यात मावेल आणि वरून पोळीला जागा उरेल. तंबूबरोबर मुलाने आणखी एक गोष्ट आणली होती. तो म्हणाला, "आई, बाबा, आता इथं दोघंच कशाला राहता? पुण्याला या. कायमचे या. मी पोळ्याला येतो, तेव्हा काय ते ठरवून ठेवा."

ताईंचे मन नातीकडे धावले. कोणाचे धावणार नाही? त्यांनी भांड्यांतली कोणती न्यायची आणि कोणती बहिणीला, म्हणजे आमच्या हिला, द्यायची हेही मनात ठरवायला घेतले. साडभाऊंचे मन मात्र जागचे हलेना. बोरी अरबला त्यांचे वावर आहे. फार नाही, पण काळेभोर. कपाशीची पऱ्हाटी असते, तूर असते, बांधावर एक जुने निंबाचे झाड आहे. दर रविवारी ते तिथे जातात, झाडाखाली बसतात आणि परत येतात. तिथे ते नेमके काय करतात असे मी एकदा विचारले होते. "निरीक्षण," ते म्हणाले. "अनुमान?" मी विचारले. "अजून निघालं नाई जी," म्हणाले, "म्हणून तं जाऊन राह्यलो." हे वावर सोडून पुण्याच्या कितव्यातरी मजल्यावर जायचे म्हणजे काय, हे त्यांना सांगता येत नव्हते. ज्याला सांगता येत नाही तो भांडतो, रुसतो किंवा आजारी पडतो. साडभाऊंनी प्रयोग मांडला.

एके दिवशी ते तंबू काखेत मारून आमच्याकडे आले. "उद्देश," दारातूनच म्हणाले, "तुमच्या ताईले पावसात वावरात बसवणे. कोरडी."

"कायले जी?" मी विचारले.

"तुम्ही तिथं पावसात बसले का कधी? नाई ना. मंग तुमाले काय सांगू." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एकदा बसली का नाई थे तिथं, तं पुण्याचं नाव नाई घेणार."

यात एक अडचण होती, आणि ती लग्नाइतकीच जुनी होती. नवे लग्न झालेले असताना साडभाऊंनी ताईंना पावसाळ्यात वावर दाखवायला नेले होते. सोबत छत्री होती, आणि छत्रीचे उसवलेले कापड साडभाऊंनी स्वतः काड्यांना डिंकाने चिकटवले होते. डिंक पाण्यात विरघळतो हे विज्ञानाच्या शिक्षकाला ठाऊक असणारच. पण ठाऊक असणे आणि आठवणे यांच्यामध्ये लग्न आले की माणसाचे असेच होते. पाऊस आला, कापड काड्यांवरून घरंगळले, ओल्या डिंकासकट ताईंच्या अंबाड्यावर बसले आणि तिथेच वाळले. ताई घरी आल्या तेव्हा त्यांच्या डोक्याचा डिंकाचा लाडू झाला होता. त्याच दिवशी त्यांनी जाहीर केले की पावसाळ्यात त्या वावरात पुन्हा पाय ठेवणार नाहीत. आणि ताईंचा शब्द म्हणजे साडभाऊंच्या गोंदासारखा नव्हे; तो सुटत नाही.

तरी साडभाऊंनी विषय काढला. आम्ही दोघे नवरा-बायको तेव्हा तिथेच होतो. ताईंनी निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवली.

"येतो ना मी," त्या म्हणाल्या. "काहून नाई येणार? तुमच्या तंबूत बसतो, भाकर खातो. पण एक थेंब, आयका जी, एक थेंब जरी गळला त्या तंबूतून, तं मी पुण्याले चालली. अन् तुम्ही बी मुकाट्यानं चालाचं. मंग वावर नाई अन् निंब नाई."

"अन् नाई गळला तं?"

"तं राहू इथंच. पोराले मी सांगीन."

"पंच कोण?"

"भाऊजी पंच," ताईंनी माझ्याकडे बोट केले. "भाऊजीले खोटं बोलता येत नाई."

हा माझा गौरव नव्हता. वैद्यकीय वस्तुस्थिती होती. मी खोटे बोललो की मला उचकी लागते. लहानपणापासून लागते. ऑफिसात साहेबांना "आपली कल्पना फारच छान आहे" म्हणालो की मला पाण्याचा ग्लास शोधावा लागतो. माझ्या संसाराचा डोलारा या उचकीवर उभा आहे असे माझी बायको मानते, आणि मी मान डोलावतो, कारण बोलण्यात धोका असतो.

आता तंबूचे दुखणे काय ते सांगतो. कापड उत्तम होते, पाण्याचा थेंब त्यावरून मोत्यासारखा घरंगळत जायचा. पण कापड शिवलेले असते, शिवण म्हणजे सुईने पाडलेली भोके, आणि मूळ शिवणींवर जी पट्टी असते ती डोंगरांवर झिजून निघून गेली होती. नळाची नळी धरली की प्रत्येक शिवणीतून पाणी ठिबकू लागे. "गळतं कापड नाई," साडभाऊ म्हणाले, "गळते थे शिवण. म्हणजे प्रश्न जोडाचा आहे." आणि त्यांच्या चेहऱ्यावर असे काही तेज आले की मला माझ्या खुर्चीचा हात आठवला.

पुढचे काही आठवडे त्यांनी कप्प्यातला एकेक गडी मैदानात उतरवला. पांढरा गोंद लावला. तो वाळून पापडासारखा निघाला आणि ताईंनी तो खरोखरीचा पापड समजून डब्यात ठेवला. लांबी मळून लावली; ती शिवणीवरून अख्खी गळून खाली आली, एखाद्या सापाने कात टाकावी तशी. पिवळा गोंद लावला. तो तंबूला सोडून साडभाऊंच्या बनियनला, बनियन खुर्चीला आणि खुर्ची भिंतीवरच्या कॅलेंडरला चिकटली. मी गेलो तेव्हा ते त्या महिन्यासकट बसून होते. सुलेशन लावले, त्याच्या वासाने त्यांच्या शेजारची मांजर आमच्याकडे राहायला आली. घरातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या कोणत्या तरी वस्तूला चिकटली. फक्त तंबू कशालाच चिकटेना. कापडावर बोट फिरवून साडभाऊ हताशपणे म्हणाले, "लय शिष्ट हाये जी हे. कोणाशीच सोयरीक करत नाई."

श्रावण लागला. पोळा समोर दिसू लागला. आणि मग साडभाऊंना बिब्बा सुचला.

बिब्ब्याचा विचार तसा चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणतो (आणि पाहा, उचकी लागली नाही). पूर्वी धोबी कपड्यांवर बिब्ब्याने खूण करत. ती खूण पाण्याने, साबणाने, कशानेही जात नसे. कपडा जाई, खूण राही. "म्हणजे काय सिद्ध झालं?" साडभाऊंनी मला विचारले. "बिब्बा कापडाले सोडत नाई अन् पाण्याले भेत नाई." रानातले बिब्बे आपल्याकडे मुबलक. त्यांनी ते तापवले, त्यांचे काळे तेल काढले आणि आम्ही दोघे अंगणात बसून, जुन्या दात घासायच्या ब्रशने, ते शिवणींवर भरू लागलो. बिब्ब्याचे तेल अंगाला लागले की कातडी उतते, फोड येतात, तोंड सुजते, हे वऱ्हाडातल्या लेकराला ठाऊक असते. आम्हालाही ठाऊक होते. म्हणून आम्ही फार सांभाळून बसलो होतो. फक्त मी ज्या स्टुलावर बसलो होतो त्यावर आधी साडभाऊंनी तेलाची वाटी ठेवली होती, आणि साडभाऊ विचार करताना गालावर हात ठेवतात.

दुसऱ्या दिवशी केळापूरला ताईंच्या चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा होता. न जाऊन चालणार नव्हते. साडभाऊंचा एक गाल फुगून चष्म्याच्या वर आला होता, आणि मला कुठे बसता येत नव्हते. मुलाकडच्यांनी वाकून नमस्कार केला, "बसा ना जी," म्हणाले. मी म्हणालो, "नको, उभाच बरा." पुन्हा म्हणाले, "बसा ना." साडभाऊंनी सुजलेल्या तोंडाने खुलासा केला, पण त्यातला 'ब' त्यांच्या ओठांतून निघेना, त्यामुळे आमच्या दोघांचे काय झाले आहे ते मंडळींना कळले नाही आणि त्यांना भलतेच वाटले. थोड्याच वेळात मुलाचे काका ताईंना बाजूला घेऊन हळूच विचारू लागले, "बाई, तुमच्या घराण्यात काही... म्हणजे अंगावर वगैरे काही आहे का?" ताईंनी आमच्याकडे एक नजर टाकली. "घराण्यात नाई," त्या म्हणाल्या, "जावयांत आहे. बाहेरून आलेलं हाये थे."

सोयरीक टिकली, ती ताईंच्या या एका वाक्याने. लग्नात बिब्बा घालणे असे लोक म्हणतात. तो खरोखरीचा घालून दाखवणारे, माझ्या माहितीत, आम्ही दोघेच. घरी आल्यावर ताईंनी खोबरे उगाळून साडभाऊंच्या गालाला लावले आणि लावता लावता म्हणाल्या, "पुण्याले बिब्बा भेटत नसन. बरं होईन." साडभाऊंनी डोळे मिटले. ते गालाच्या दुखण्याने की पुण्याच्या नावाने, मला समजले नाही. आणि तंबूवरचा बिब्बा? तो पहिल्या पाण्यातच सटकन वाहून गेला. ज्या गोष्टीने आम्हाला सोडले नाही तिने तंबूला धरले नाही.

खरा गोंद सापडला तो माझ्या घरी, आणि तोही माझ्या मूर्खपणामुळे. एवढे श्रेय मी घेतो. आमच्या हॉलमध्ये मासे ठेवायची काचेची पेटी आहे. ती गळू लागली होती. मी दुकानातून काचेच्या सांध्यात भरायची, पारदर्शक रबरासारखी सिलिकॉनची नळी आणली. साडभाऊ खाली जमिनीवर तंबू पसरून त्याच्याकडे रागाने पाहत बसले होते. मी नळी जोरात दाबली. ती पेटीत न जाता मागून फुटली आणि एक भला मोठा गोळा तंबूवर पडला. हॉलभर व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटला, माझ्या बायकोने आतून विचारले, "लोणच्याची बरणी फोडली का कोणी?" आम्ही दोघेही एकदमच म्हणालो, "साडभाऊंनी!"

तो गोळा आम्ही पुसायचा विसरलो. दुसऱ्या दिवशी साडभाऊ तो खरवडायला बसले. नखाने निघेना. चमच्याने निघेना. माझ्या बायकोच्या उलथन्याने निघेना, आणि त्यावरून वेगळे प्रकरण झाले. साडभाऊ गोळा ओढत होते, तंबू ताणला जात होता, आणि मग ते एकदम थांबले. गोळा त्यांनी पुन्हा एकदा ओढून पाहिला.

"साडभाऊ," ते म्हणाले, "हे चिकटलं."

कापडावर सिलिकॉनचाच लेप होता, आणि सिलिकॉनला सिलिकॉनशिवाय दुसरे कोणी चालत नाही, एवढीच ती गोष्ट. "म्हटलं नव्हतं मी?" साडभाऊ आनंदाने ओरडले, "सोयरीक आपल्यातच पायजे होती त्याले!" त्यांनी नळीतला लगदा टर्पेंटाइनमध्ये पातळ केला, ब्रशने एकेक शिवण भरली, आतून आणि बाहेरून, आणि माझ्या हॉलमध्ये इतकी सुंदर शिवण भरणारा माणूस मी कधी पाहिला नाही. माझ्या घरात लोणच्याचा वास पुढे कितीतरी दिवस राहिला. मासे वाचले नाहीत. पण तंबूवर पाण्याची नळी धरली, आत मी बसलो, आणि मी कोरडा राहिलो.

फक्त एक कोपरा राहिला. मागच्या बाजूला, जिथे तीन शिवणी एकत्र येतात, तिथे पोहोचेपर्यंत भांड्यातले सिलिकॉन घट्ट झाले होते. साडभाऊंनी नवी नळी आणून तो कोपरा भरला, पण वाळायला हवे तेवढी उसंत मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच आभाळ बोरी अरबच्या बाजूने काळे होऊन आले, आणि पोळा परवावर होता. साडभाऊंचा फोन आला, "गाडी काढा जी. आजच."

माझ्या जुन्या गाडीतून आम्ही निघालो. पुढे आम्ही दोघे, मागे ताई, त्यांच्या मांडीवर भाकरी, आलू-वांग्याची भाजी आणि ठेच्याचा डबा. वावरात उतरलो तर पहिल्याच पावलाला माझी चप्पल मातीने ठेवून घेतली. दुसरीही घेतली. साडभाऊंच्या कप्प्यातला कोणताही गोंद आमच्या काळ्या मातीच्या जवळपास जाणार नाही, हे मला तिथे अनवाणी उभे राहून कळले. निंबासमोरच्या चढावर आम्ही तंबू उभारला. ताई आत बसल्या, तोंड वावराकडे. साडभाऊ दाराशी. आणि मला त्यांनी खांद्याला धरून अगदी मागच्या कोपऱ्यात नेऊन बसवले. "पंचाले सगळं दिसलं पायजे," म्हणाले.

मग पाऊस आला. कापडावर असा आवाज की बोलणे ऐकू येईना. समोर पऱ्हाटीची पाने वाकत होती, उठत होती. दूरचे गाव दिसेनासे झाले, मग बांध दिसेनासा झाला, मग निंबही पुसट झाला, आणि आम्ही तिघे जणू त्या पाण्याच्या पोटात कोरडे बसलो होतो. ताईंनी भाकरी वाढल्या. स्वतःची भाकर मात्र त्यांच्या हातातच राहिली. त्या समोर पाहत होत्या. साडभाऊ त्यांच्याकडे पाहत होते. मी वर पाहत होतो.

पहिला थेंब माझ्या मानेवर पडला.

थंडगार. तो कॉलरच्या आत शिरला आणि पाठीच्या कण्यावरून, वाट पाहत पाहत, खाली गेला. मग दुसरा. मग ते एकामागून एक येऊ लागले. मी पंच होतो. मला फक्त तोंड उघडायचे होते. मी साडभाऊंकडे पाहिले. त्यांनी घास घेतला नव्हता. चष्म्याच्या काचांवर धुके आले होते, तरी ते पुसत नव्हते. बहुधा पुसून स्वच्छ दिसले तर काय दिसेल याची त्यांना भीती वाटत होती. बाहेर वाऱ्याने दार फडफडले आणि माझी पाठ कमरेपर्यंत भिजली.

ताईंनी मान वळवली. माझ्या शर्टाकडे पाहिले. मग वर, त्या कोपऱ्याकडे. मग पुन्हा माझ्या शर्टाकडे.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "घामेजले का जी तुम्ही?"

दाताला दात लागत होते. "हो," मी म्हणालो, "फार उकडून राह्यलं." आणि मला उचकी लागली.

अशी उचकी मला आयुष्यात लागली नव्हती. तंबू हलला. साडभाऊंनी डोळे मिटून घेतले. ताईंनी शांतपणे तांब्यातले पाणी पेल्यात ओतले आणि माझ्या पुढे केले.

"घ्या," म्हणाल्या. "ठेचा तिखट झाला असन."

मी अजून ठेच्याला हात लावला नव्हता. ताई पुन्हा वावराकडे वळल्या आणि हातातल्या भाकरीचा तुकडा मोडून खाऊ लागल्या. बऱ्याच वेळाने, पाऊस थोडा उतरल्यावर, कोणालाच न सांगितल्यासारख्या म्हणाल्या, "पाऊस पडते तं निंबाचा वास इथपर्यंत येते. मले कोणी सांगतलंच नाई कधी."

पोळ्याला मुलगा आला. ताईंनी त्याला काय सांगितले ते मी ऐकले नाही, पण तो एकटाच परत गेला, आणि नातीला दिवाळीत पाठवतो म्हणून गेला. साडभाऊंनी जाहीर अनुमान काढले: "योग्य पदार्थ निवडला तं शिवण गळत नाई." "अगदी बरोबर," मी म्हणालो. मला बारीकशी उचकी लागली, ती खोकल्यात लपली.

आता दर पावसाळ्याचा आमचा हा शिरस्ता झाला आहे. तंबू उभा राहतो, ताई भाकरी आणतात, आणि मागच्या कोपऱ्यात माझ्या जागेवर, न बोलता, त्या घडी केलेला एक पंचा ठेवून देतात. पंचाला पंचा. यंदा जाण्याआधी साडभाऊ माझ्या हॉलमध्ये शिवणी पुन्हा भरत बसले होते. ब्रश ते आता दोन्ही हातांनी धरतात. रेघ पूर्वीसारखी सरळ येत नाही. एकेक शिवण भरून झाली. त्यांनी झाकण लावले, ब्रश पुसला. नळीत अजून बरेच सिलिकॉन शिल्लक होते.

मी कोपऱ्याकडे बोट केले. "साडभाऊ, ही राहिली."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, आणि मग तंबूची घडी घालायला घेतली.

"राहू द्या जी," म्हणाले. "तिथं तुम्ही बसता."